कॅप्टनचा चेंडू

पिटगार्वीच्या गोल्फ क्लबाला दोन दारं होती. पुढचं समुद्राकडे तोंड केलेलं, पितळी मुठीचं. त्यातून सभासद जात. मागचं स्वयंपाकघराचं, त्यातून कोळसा जाई, मासळी जाई आणि डॉड गोवन्स जाई. डॉड हा क्लबाचा पगारी खेळाडू. सभासदांना खेळ शिकवायचा, त्यांच्या मोडक्या काठ्या दुरुस्त करायच्या, कुणाला जोडीदार नसला तर त्याच्याबरोबर खेळायचं आणि जिंकायचं ते जमेल तितक्या थोड्या फरकाने, हे त्याचं काम. फाइफच्या सगळ्या किनाऱ्यावर त्याच्या तोडीचा खेळाडू नव्हता, आणि हे पुढच्या दारातून जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी एक्केचाळीस वर्षांच्या आयुष्यात क्लबाचा दिवाणखाना त्याने पाहिला तो खिडकीबाहेरून.

त्यातही एक गोष्ट अशी होती की तिने डॉडच्या बायकोच्या, एफीच्या, तळपायाची आग मस्तकात जाई. दुसऱ्या गावचे पगारी खेळाडू स्पर्धेसाठी आले की त्यांना आठवडाभर पुढचं दार मोकळं असे. त्यांना आत कपाट मिळे, गरम पाणी मिळे, टॉवेल मिळे. युद्धाच्या आधीपासून तसा रिवाजच पडला होता. पण डॉड पडला घरचा, म्हणजे नोकर. त्याने बूट बदलायचे ते आपल्या दुकानात, सरसाच्या भांड्याशेजारी.

"म्हणजे आपण इथून बिऱ्हाड हलवलं तरच तुला इथे आत येता येईल," एफी म्हणे.

"दुकानात ऊब असते गं," डॉड म्हणे. त्याच्याकडे अशी उत्तरं तयार असत. एफीला त्याचा राग येई, मेजर थेनपेक्षाही जास्त.

मेजर थेन हा क्लबाचा सचिव. सैन्यात त्याने काय केलं ते कुणाला माहीत नव्हतं, पण पिटगार्वीत तो वेळापत्रकं करी आणि ती भिंतीवर लावी. डॉडच्या नशिबाच्या किल्ल्या याच्या कमरेला. वर्षातून एक आठवडा डॉडला स्पर्धा खेळायला रजा मिळे, तीही मेजरने सही केली तर. राहतं घर क्लबाचं, दुकानामागच्या तीन खोल्या. नोकरी गेली की डोक्यावरचं छप्परही जाणार, आणि पदरात दोन मुली.

चौदाव्या वर्षी शाळा सोडून डॉड बापाच्या हाताखाली या दुकानात बसला. लाकडी डोकं घासून गुळगुळीत करणं, त्यात दांडा बसवणं, सांध्यावर मेणाचा दोरा गच्च गुंडाळणं, हे आधी. खेळ दिवे लागायच्या आत, सभासद घरी गेल्यावर. एकोणचाळीसच्या उन्हाळ्यात तो तीन स्पर्धांत लागोपाठ पहिल्या चारांत आला. लोक म्हणू लागले, पुढचं साल गोवन्सचं. पुढच्या साली तो उत्तर समुद्रात सुरुंग गोळा करत होता. सहा वर्षं त्याने ते काम केलं आणि परत आला तेव्हा उजव्या हाताची तर्जनी थंडीत वाकेनाशी झाली होती. त्याने काठी धरायची पद्धत बदलली, दोन वर्षं पहिल्यापासून शिकला, आणि पुन्हा जिंकण्याच्या जवळ येऊन ठेपला. अठ्ठेचाळीस साली एका स्पर्धेत अर्धा खेळ झाला तेव्हा तो सगळ्यांच्या पुढे होता. तेवढ्यात मेजरची तार आली: एका न्यायाधीशांचा भाचा आला आहे, त्याला धडे हवेत, ताबडतोब ये. डॉड आला.

"तार मिळालीच नाही म्हणून सांगायचंस," एफी म्हणाली.

"पण मिळाली होती ना," डॉड म्हणाला.

अशा माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळतं. खोटं बोलता येत नाही, नाही म्हणता येत नाही, आणि या दोन्ही गोष्टींचा फायदा घेणारे लोक चोवीस तास शेजारी.

आता कॅप्टनच्या चेंडूबद्दल. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी पिटगार्वीचा नवा कॅप्टन, म्हणजे क्लबाचा प्रमुख, गादीवर बसतो. सकाळी आठ वाजता तो खेळ सुरू होतो त्या पहिल्या चौथऱ्यावर येतो. समोर मैदानात पिशव्या वाहणारे कॅडी पांगून उभे असतात. कॅप्टन एक फटका मारतो, छोटी तोफ उडते, कॅडी चेंडूमागे पळत सुटतात, आणि जो तो आणून देईल त्याला सोन्याचं नाणं मिळतं. एवढ्या एका फटक्यावर तो माणूस वर्षभर कॅप्टन. पण चेंडू मांडायचा क्लबाच्या खेळाडूने, गुडघा टेकून. साऱ्या जगात चेंडू ठेवायला लाकडी खुंट्या आल्या, पिटगार्वीत या दिवशी अजून त्याच्याखाली ओल्या वाळूची चिमूट लागते. डॉडच्या आजोबाने हा चेंडू मांडला, बापाने मांडला, आणि बाप गेल्यापासून डॉड मांडत होता. एकाहत्तर वर्षांत गोवन्सांखेरीज दुसऱ्या कुणाचा हात त्या वाळूला लागला नव्हता. डॉडला याचा अभिमान होता. एफीचं म्हणणं, गुडघे टेकण्याचा कसला आलाय अभिमान, ते तर फरशी पुसताना मीही टेकते.

एक्कावन्न साली त्याच आठवड्यात क्रेगमुअरला पूर्व किनाऱ्याचा चषक होता. क्रेगमुअर पिटगार्वीपासून चाळीस मैल. मेजरने शुक्रवारपर्यंतची रजा मंजूर केली, कारण स्पर्धा शुक्रवारी संपणार होती. ती संपली नाही. चार फेऱ्यांनंतर डॉड गोवन्स आणि लेन हॅविल नावाचा इंग्रज यांचे फटके सारखे झाले, दोघांचेही दोनशे सत्त्याऐंशी. शेवटच्या भोकावर डॉडने वीस फुटांवरून चेंडू आत घातला तेव्हा बरोबरी झाली. निकाल शनिवारी लागायचा होता: सकाळी दहा वाजता दोघांनीच पुन्हा छत्तीस भोकं खेळायची. जो दहाला चौथऱ्यावर नसेल तो हरला. आणि जो जिंकेल, तो हिवाळ्यात ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या चार जणांतला एक. पाच महिने नुसतं खेळायचं, तिथे कुणी काठी दुरुस्तीला आणून टाकणार नाही. एक्केचाळिसाव्या वर्षी असं दार उघडतं ते एकदाच, आणि तेही पुढचं दार.

डॉडने क्रेगमुअरहून मेजरला फोन केला. मेजर म्हणाला, "अभिनंदन, गोवन्स. मग उद्या आठला." आणि फोन ठेवला.

एफीला बरोबरीची बातमी बेकरीत कळली. संध्याकाळच्या गाडीने डॉड उतरला तेव्हा ती फलाटावर उभी होती.

"तू इथे काय करतोयस?" ती म्हणाली. "तिथेच राहायचं ना? उद्या दहाला खेळायचंय तुला."

"उद्या चेंडू आहे."

"कुणाचा?"

"कॅप्टनचा. तुला माहीत आहे की."

"माहीत आहे. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. ऐकतानाच इतकं वेड्यासारखं वाटतंय, तर करताना काय वाटेल?"

डॉडने पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. "मेजरना सांगून पाहिलं. त्यांनी फोन ठेवला."

"मग आता मी सांगते," एफी म्हणाली.

ती तशीच क्लबाकडे निघाली. पुढच्या दाराशी पाटी होती, स्त्रियांना प्रवेश नाही. म्हणून ती मागे गेली आणि स्वयंपाकिणीला मेजरला बोलवायला सांगितलं. मेजर हातात रुमाल घेऊन आला. आत नव्या कॅप्टनची मेजवानी चालू होती. नवा कॅप्टन म्हणजे फोर्सिथ-ग्रे, डंडीच्या तागाच्या गिरण्यांचा मालक.

"मेजरसाहेब, उद्याचा चेंडू टॅमला मांडू द्या," एफी म्हणाली. टॅम म्हणजे मैदानाचा माळी. "नाहीतरी वाळू तोच आणून देतो."

"मिसेस गोवन्स, टॅम गवत कापतो."

"आणि माझा नवरा चषकासाठी खेळतोय. वाळू दाबायला तुम्हाला त्याच्यापेक्षा स्वस्तातला माणूस मिळेल."

"परंपरा आहे ती."

"कॅप्टनना विचारलंत?"

"असल्या गोष्टींचा त्रास मी कॅप्टनना देत नाही." मेजरने रुमालाची घडी घातली. "आणि मी अडवतोय कुठे? आठला चेंडू, आठ पाचला तो मोकळा. मोटारीने सव्वा तास. दहाच्या आत आरामात पोहोचेल."

"आमच्याकडे मोटार आहे का?"

"त्याबद्दल मी काय सांगणार?" मेजर म्हणाला. बाजूच्या अंगणात सात मोटारी उभ्या होत्या. एफीने त्या मोजल्या होत्या.

मोटार नव्हती, पण रॅब डॉइगची मासळीची गाडी होती. रॅब एफीला आईकडून लांबचा मामा लागे.

"हेरिंगचा वास येईल हं," रॅब म्हणाला. "कपड्यांना तीन दिवस राहतो."

"राहू दे. जिंकला तर ऑस्ट्रेलियापर्यंत नेईल."

"मग पोरी, मी पावणेआठलाच कुंपणाशी इंजिन चालू ठेवून बसतो. तुझा नवरा चेंडू मांडून उठला की उडी मारून आत. वाटेत मी कुत्र्यालासुद्धा वाट देणार नाही."

शनिवारी सकाळी वारा नैर्ऋत्येचा होता. डॉडने ओट्सची पेज अर्धी टाकली, ठेवणीतलं जाकीट घातलं आणि वाळूची बादली घेऊन चौथऱ्यावर गेला. सभासद ओळीने उभे होते, कॅडी मैदानात पांगले होते, टॅम तोफेजवळ होता. एफी चौथऱ्याभोवती बांधलेल्या दोराबाहेर, इतर बायकांबरोबर. कुंपणापलीकडे रॅबची गाडी धूर सोडत होती. पिशवी त्यात आधीच चढवलेली.

आठ वाजले. कॅप्टन आला नाही.

सव्वाआठ वाजले. मेजर घड्याळाकडे पाहून कुणाला तरी म्हणाला की रात्री मेजवानी जरा लांबली. ऐकणारा हसला. डॉड चेंडू हातात धरून उभा होता. आठ वीस. आठ पंचवीस. रॅबने भोंगा वाजवला तेव्हा सभासदांनी मागे वळून नाकं मुरडली. मासळीवाल्याने आज इथे कशाला यावं? कुणाची म्हैस आणि कुणाला ऊठबस! एक माणूस वर क्लबातल्या खोलीत अंथरुणात लोळत होता, आणि ज्याच्या उभ्या जन्माचा निकाल दहा वाजता चाळीस मैलांवर लागायचा होता तो खाली त्याच्यासाठी वाळू ओली ठेवत होता. दर पाच मिनिटांनी बादलीत बोटं घालून पाहायचा. सुकली तर पाणी शिंपडायचा.

आठ पस्तीसला एफी दोराखालून आत गेली.

त्या चौथऱ्यावर आजवर कुठल्या बाईने पाय ठेवला नव्हता. मेजर म्हणाला, "मिसेस गोवन्स, इथे बायकांनी—"

"मी कुठे उभी आहे ते मला माहीत आहे." तिने बादलीत हात घातला, मूठभर वाळू काढली, खाली बसली आणि ती दाबून तिचा छोटा ढीग केला. मग डॉडच्या हातातून चेंडू घेतला आणि वर ठेवला. "झालं मांडून. हा आता हलत नाही. त्याच्याशेजारी माणूस उभा राहायची काही गरज नाही. जा, डॉड."

डॉडने चेंडूकडे पाहिलं, मग गाडीकडे. रॅबने आतून दार उघडून धरलं होतं. डॉडने एक पाऊल टाकलं. एफीने ते पाहिलं. ती नंतर कुणाचीही शपथ घेऊन सांगे की त्याने एक पाऊल नक्की टाकलं होतं.

मग वाऱ्याची झुळूक आली, वाळूची एक कड ढासळली आणि चेंडू गवतावर घरंगळला.

डॉडचा गुडघा वाकला. त्याने तो वाकवला असं म्हणता येणार नाही, तो आपोआप वाकला, आणि मेजरने तोंड उघडायच्या आत डॉड खाली बसून नवी वाळू दाबायला लागला होता.

"वारा आहे, एफी," तो मान वर न करता म्हणाला. "कुणीतरी थांबायला हवं."

एफी दोराबाहेर परत गेली. पावणेनऊ झाले, तेव्हा वेळेत पोहोचण्याची आशा संपली. रॅबने इंजिन बंद केलं.

सव्वानऊला फोर्सिथ-ग्रे आला. चांगला गुबगुबीत, हसतमुख, टायवर अंड्याचा डाग. उशिराबद्दल त्याने सगळ्यांची माफी मागितली आणि सगळ्यांनी ती आनंदाने दिली. त्याने फटका मारला, तोफ उडाली, चेंडू कसाबसा नव्वद यार्ड गेला, कॅडी एकमेकांच्या अंगावर पडले. टाळ्या झाल्या. मग कॅप्टनने डॉडचा हात हातात घेतला.

"सुरेख मांडलास, गोवन्स. पण काय रे, काल रेडिओवर तुझं नाव ऐकलं. तू आज क्रेगमुअरला खेळणार होतास ना?"

"हो, सर."

"मग? इथे कसा?"

डॉडने मेजरकडे पाहिलं. मेजर तोफेची पाहणी करत होता.

"चेंडू होता, सर."

"अरे भल्या माणसा," फोर्सिथ-ग्रे म्हणाला, आणि त्याला खरोखरच वाईट वाटलं होतं, "मला सांगायचंस की. चेंडू काय, माळ्यानेही मांडला असता. मला असल्या गोष्टींचं काही नसतं."

तो खोटं बोलत नव्हता, याचाच एफीला सर्वांत जास्त संताप आला. दुष्टाशी भांडता येतं. इथे एकाने विचारलं नाही, एकाने सांगितलं नाही, एक झोपून राहिला, आणि तिघांपैकी एकानेही आपण काही केलंय असं मानलं नाही. सभासद पितळी मुठीच्या दारातून आत नाश्त्याला गेले. रॅबने पिशवी उतरवून कुंपणाला टेकवून ठेवली आणि एफीकडे न बघता निघून गेला.

दहा वाजता क्रेगमुअरला लेन हॅविलने नियमाप्रमाणे एक चेंडू मारला आणि चषक त्याचा झाला.

अकरा वाजता एफी दुकानात गेली. डॉडने ठेवणीतलं जाकीट खुंटीला टांगलं होतं, कातडी एप्रन बांधला होता आणि बाकावर बसून एका काठीच्या सांध्यावर दोरा गुंडाळत होता. सरस उकळायला लागला होता.

"हॅविल काल फार सुंदर खेळत होता," डॉड म्हणाला. "मी हरलोच असतो."

एफीने सकाळपासून डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आताही काढलं नाही, फक्त बाकाची कड धरली.

"मेजरने केलं ते मी विसरेन," ती म्हणाली. "त्या जाड्याला तर मी माफच केलं, त्याला अक्कल नाही. तू वाळूशी बसलास तेही मी एक दिवस गिळून टाकेन. पण हे वाक्य पुन्हा म्हणू नकोस. तू हरला असतास ना, तर मी तुझ्याशेजारी या बाकावर बसून रडले असते. हेरिंगच्या वासासकट तुला जवळ घेतलं असतं. पण तू हरलाच नाहीस. जिंकलाही नाहीस. मी आता कशासाठी रडू, सांग ना मला?"

डॉडचा हात थांबला. दोरा सैल झाला आणि त्याचे दोन वेढे उलगडले. त्याने ते पुन्हा गुंडाळायला घेतले, पण ते बोट, थंडीत न वाकणारं, त्याला साथ देईना. तो त्या बोटाकडेच बघत राहिला.

"मला वाटलं, उठावं," तो म्हणाला. "खरंच वाटलं, एफी. पण पायांना सांगता येईना."

बाहेर कुणीतरी खिडकीच्या फळीवर काठी आपटली. "गोवन्स! माझी सात नंबरची झाली का? अर्ध्या तासात निघायचंय आम्हाला."

डॉडचं अंग सवयीने उठायला लागलं. अर्धा उठला. एफीने त्याला हात लावला नाही. तिला आता बघायचंच होतं. तो तसाच अर्धवट उभा, एक हात बाकावर, आणि मग हळूहळू खाली बसला.

"गोवन्स!"

"दुकान बंद आहे," डॉड म्हणाला.

"बंद? आज? अरे, आज कॅप्टनचा दिवस!"

"बंद आहे."

सभासद थोडा वेळ थांबला. कदाचित तो शेवटच्या शब्दाची वाट पाहत असावा. तो शब्द आला नाही, तेव्हा तो खडीवर पाय वाजवत निघून गेला. तो 'सर' डॉडने मुद्दाम गाळला की विसरला, ते एफीने त्याला कधीही विचारलं नाही.